पाकिटावरचे काका

नीलेश कुवेतमध्ये फिंतासला राहतो आणि गावचे फोन उचलत नाही. कारण कोणीही बोलायला लागलं, की तिसऱ्या मिनिटाला कोणाच्या तरी पोराच्या व्हिसाचा विषय निघतो.

हल्ली तो पेरूची ऑरगॅनिक, फेअर ट्रेड कॉफी आणतो. पाकिटावर ती पिकवणाऱ्या अन्सेल्मोकाकांचा हसरा फोटो असतो. खालचा कोड स्कॅन केला, की थेट त्यांच्याशी चॅट. भाषांतर मोबाइल करतो. गेले सहा महिने दोघं पाऊस, शेणखत आणि काकांची गुडघेदुखी यांवर मनसोक्त बोलतायत.

"सख्ख्या काकांचा गुडघा कधी विचारलास का रे?" बायकोने, मेधाने, शेवटी टोमणा मारलाच.

"अगं, या माणसाला माझ्याकडून काही म्हणजे काही नकोय! त्याला कष्टाचा योग्य भाव मिळतो, मला कॉफी मिळते. विषय संपला."

तेवढ्यात मोबाइल वाजला. अन्सेल्मोकाकांचाच मेसेज होता. "बाळा, कुवेत कुठे आहे ते आज नकाशात बघितलं."



सोबत भाच्याच्या पासपोर्टची झेरॉक्स होती, आणि त्याला वेल्डिंग येत होतं.