एकोणीस नंबर

“नाही म्हणजे नाही!” काडतुसांचा खोका खिडकीपर्यंत आला होता, तो कुलूपकाकांनी परत आत ओढला. मधे लोखंडी जाळी, जाळीत वीतभर खिडकी आणि खिडकीपलीकडे त्यांचं राज्य. कंपनीच्या सगळ्या गार्डांची पिस्तुलं तिथे नंबर टाकलेल्या कप्प्यांत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. एकतीस वर्षं ते ही खोली सांभाळत होते आणि जवळपास तितकीच वर्षं लोक त्यांना कुलूप म्हणत होते. तोंडावर तेवढं ‘काका’ जोडायचे.

खिडकीबाहेर ती हटून उभी होती. गार्ड म्हणून नोकरीला लागून तीन महिने झाले होते. सोमवारपासून तिची ड्यूटी रोकड नेणाऱ्या व्हॅनवर लागणार होती. हातात नव्या प्रशिक्षकांची चिठ्ठी होती: हवा तेवढा सराव करू द्यावा.

“चिठ्ठीत सरळ लिहिलंय, काका. एक खोका द्या.”

“त्याच्या बापाचं काय जातंय लिहायला? काडतुसं ढीगभर पडलीत गं. प्रश्न पिस्तुलाचा आहे.” त्यांनी एकोणीस नंबरचं कार्ड काढून जाळीला टेकवलं. “हे बघ. तीन महिन्यांत अकराशे चाळीस गोळ्या! इथे माणूस वर्षाला वीस मारतो आणि गपगुमान घरी जातो. पिस्तूल आहे ते, पाण्याचा नळ नव्हे!”

“अकराशेनं काही होत नाही त्याला. तीन-चार हजार झाल्या की आतली स्प्रिंग बदलायची. नळी तर त्याच्या कितीतरी पट टिकते. प्रशिक्षकांनी खोलून दाखवलंय मला.”

“आला मोठा शहाणा.”

“आणि झिजलंच तर झिजू दे. जपून जपून काय लोणचं घालायचंय त्याचं?”

मागे रांगेत उभे असलेले दोघे गार्ड खुसखुसले. कुलूपकाकांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं, तसे दोघेही छताकडे बघायला लागले. त्यांच्या पिस्तुलांतून गेल्या अख्ख्या वर्षात एकदाच गोळ्या सुटल्या होत्या, त्याही साहेबांच्या तपासणीला.

“हे बघ पोरी,” काकांनी आवाज खाली आणला, “शस्त्राचा गैरवापर असे दोन शब्द मी वर लिहून पाठवले ना, की सोमवारी तू व्हॅनवर नाही. फाटकावर लोकांच्या पिशव्या तपासत बसशील. जन्मभर.”

काका बोलतात ते करून दाखवतात, हे सगळ्या कंपनीला माहीत होतं. पण ती तसूभर हलली नाही.

“लिहा. लिहून झालं की खोका द्या.”

काकांनी कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर पोरगी त्यांना पहिल्या दिवसापासून आवडली होती. बाकीचे मिळेल ते पिस्तूल घेऊन जात. हिनं आल्या आल्या नंबर सांगून मागितलं, एकोणीस. पोरीला पारख आहे, असं ते तेव्हा घरी बायकोलाही म्हणाले होते. त्यांना माणसांची नावं कधी लक्षात राहत नसत. त्यांच्या लेखी आठवाला होता, तेरावाला होता, आणि आता ही एकोणीसवाली. रागावून भागत नाही म्हटल्यावर त्यांनी समजुतीचा मार्ग धरला. कप्प्यातून पिस्तूल काढलं आणि फडकं उलगडून दिव्याखाली धरलं.

“एवढं का जपतो मी हे, माहितीय? अठरा वर्षांपूर्वी व्हॅन अडवली होती चोरांनी. भर दुपारी, भर रस्त्यात. तेव्हाच्या एकोणीसवालीनं हे काढलं. एकच गोळी मारली बिचारीनं, तीही समोरच्या भिंतीत घुसली. दुसरी मारायला वेळच नाही मिळाला तिला. जागेवरच गेली.” त्यांनी पिस्तूल हळूच उलटं केलं. “पण हे परत आलं तेव्हा ओरखडासुद्धा नव्हता. त्यानंतर तू येईपर्यंत कुणी हात लावला नाही. अपशकुनी आहे म्हणे! मी मात्र दर महिन्याला पुसून ठेवलं.”

तिनं खिडकीची कड घट्ट धरली.

“तिनं सराव किती केला होता?”

“नियमाप्रमाणे!” काकांनी कार्ड उलटं करून जुन्या ओळींवर बोट ठेवलं. बोलताना त्यांची छाती फुगली होती. “वर्षाला वीस. चार वर्षांत ऐंशी. एक जास्त नाही, एक कमी नाही.”

“जास्त मागायची का ती?”

“मागायची तर! तुझ्यासारखीच हट्टी. ड्यूटी संपली की यायची, इथेच, या खिडकीशी उभी राहायची. एक खोका द्या काका, एक खोका द्या. मी कसला देतोय!”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “घरी आल्यावर आई रोज हेच सांगायची. आता दोन खोके काढा.”