नव्वदच्या वर

कॉलेज बेसबॉलचे कोच म्हणे वेग मोजायची रडार गन घेऊनच बसतात; बॉल ताशी नव्वद मैलांच्या खाली दिसला की मान वर करत नाहीत. आमच्या मिहीरचा सत्त्याऐंशीला अडलेला. "स्पीडचं एवढं काय? कंट्रोल पाहिजे, कंट्रोल!" मी रोज सांगायचो.

टीमच्या निवडीच्या, म्हणजे ट्रायआउटच्या सकाळी, हातावर दही-साखर द्यायची राहिली म्हणून त्याच्या आईने, कांचनने, आम्हाला अर्ध्या रस्त्यातून पार्सिपनीला घरी परत बोलावलं. झालेला उशीर भरून काढायला मग मी गाडी जरा दामटली, तर मागे पोलीस.

त्याने खिडकीशी येऊन रडार गनवरचा आकडा दाखवला. एक्क्याण्णव.

मिहीरने शांतपणे आपला ग्लोव्ह माझ्या मांडीवर ठेवला.

"बाबा, ट्रायआउट तूच दे."