नावांची वही

नव्या गोळीने किडनी खराब होते, हे चाचणीच्या आकड्यांवरून सोमवारी स्पष्ट झालं. "अहवाल छापून येईपर्यंत गोळी घेणाऱ्या कुणालाही हे कळता कामा नये," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कागदांवर फक्त क्रमांक होते. नावांची वही सिस्टरकडे असायची.

"आणि तोवर त्यांनी विष गिळत बसायचं?" असं म्हणून सिस्टरने त्यांच्यासमोरच फोन लावला. "काकू, ती गोळी आजपासून बंद. उद्या सकाळी रक्त तपासायला या."

"नोकरी जाईल तुमची! कुणाला केलात फोन?"

"जाऊ दे. सतरा नंबरला केला."

"कोण सतरा नंबर?"



"तुमच्या आई. मुलाच्या चाचणीला माणसं कमी पडतायत म्हणून तुमच्या नकळत आल्या होत्या. आता उरलेल्या चाळीस जणांना तुम्ही सांगता, की मीच सांगू?"