संतुलित उत्तर

प्रश्नपत्रिका हातात आल्यावर हर्षालीने आधी पाचवा प्रश्न पाहिला. यंदाही तोच होता: शेजारी देशाच्या तुरुंगातल्या आपल्या मच्छीमारांबाबत सरकारने काय करावं?

सरकार आता परीक्षेतल्या उत्तरांवरच चालायचं. बहुतेक उमेदवार जे लिहीत, तेच उत्तरं तपासणारं यंत्र अमलात आणायचं. पण गुण संतुलित उत्तरालाच मिळायचे, म्हणून दरवर्षी सगळे लिहीत, 'समिती नेमावी.' समिती नेमली जाई. हर्षालीचे बाबा तिकडच्या तुरुंगातच राहत.

"यंदा तरी सरळ लिही गं," निघताना आई म्हणाली होती.

"मी एकटीने लिहून काय होणार, आई?"

तरी तिने लिहिलं, 'आधी माणसं घरी आणावीत.' बरं वाटलं. खाली बऱ्याच ओळी रिकाम्या होत्या. थकलेला हात सवयीने पुढे सरकला आणि त्याने लिहिलं, 'तथापि...'