एका घशातले दोघं

कल्पना करा, गिटार जोरात वाजतेय आणि खोलीत मात्र चिडीचूप आहे. टिकलीचं आज तसंच चाललं होतं. बाळ झोपलं होतं, म्हणून मामाने गिटारच्या अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, स्पीकरऐवजी लोड बॉक्स जोडला होता, म्हणजे आवाज गिळणारा डबा. सूर फक्त हेडफोनमध्ये यायचे. पण ते फाटके येत होते, आणि संध्याकाळी तिला याच अँपवर सगळ्यांसमोर वाजवायचं होतं.

"गिटारला सर्दी झालीय की काय गं?" म्हणत मामाने आवाज कमी केला. डब्याची वायर बदलली. अँप बंद करून त्यातले व्हॉल्व्हही, म्हणजे दिव्यांसारख्या काचेच्या नळ्या, बदलले. खरखर तशीच.

"मामा, सूर फाटतो कशाने?"

"मावत नाही तेवढं कोंबलं की फाटतो. एका घशातून दोघं बोलायला लागले तर काय होईल? तसं."

"पण मी तर एकटीच वाजवतेय."

मामाने गिटारची वायर उपसली. "आता बसेल गप्प."

टिकलीच्या कानात सूर चालूच राहिले, आता अगदी स्वच्छ. धून तिचीच होती. ती नेहमी जिथे अडखळायची, तिथे येऊन सूर थांबले. कुणीतरी वाट पाहत असावं तसे.

टिकलीने हळूच वायर परत जोडली आणि पुढचा सूर वाजवला.