डावीकडे पाहायची जागा

शिकवणीला आलेल्या नव्या मुलीने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि चार सुरांतच मास्तर सुखावले. पोरीचा हात तयार होता. पण ऐन रंगात आल्यावर तिने गज उचलला, मान डावीकडे वळवून कोऱ्या भिंतीकडे पाहिलं आणि क्षणभराने पुन्हा वाजवायला लागली.

"हे काय मधेच? कुणी शिकवलं तुला असलं?" मास्तर कडाडले.

"तुम्हीच, सर. तुमचा व्हिडिओ बघून बसवलंय. लाखो लोकांनी पाहिलाय तो. तिथे थांबून डावीकडे बघायचं, सगळे तसंच करतात. स्पर्धेत तर परीक्षक नेमक्या त्याच जागेला मान डोलावतात."

मास्तर खुर्चीत बसले. लेकाने तो व्हिडिओ टाकला त्याला पाच वर्षं झाली होती. त्यांनी तो एकदाही उघडला नव्हता.

"काही चुकलं का माझं, सर?"

"तुझं नाही गं."

त्यांच्या खुर्चीच्या डावीकडे आतल्या खोलीचं दार होतं. व्हिडिओ काढताना अंथरुणाला खिळलेल्या बायकोने तिथून हाक मारली होती. गळ्याशी लावलेल्या माइकला ती ऐकू गेली नाही, मास्तरांना गेली. तिची ती शेवटची हाक. एवढं संपवून जाऊ, म्हणत ते पुढची सहा मिनिटं वाजवत राहिले होते, आणि एकही सूर चुकू दिला नव्हता.