नव्या माणसाचं नाव

गुणाबाईंच्या स्वयंपाकघरात उकिडवा बसून खुर्शीद गॅसचं सिलिंडर बदलत होता आणि ट्रकची गोष्ट कशी काढावी याचा विचार करत होता. तो खरं तर कुरिअरवाला. कंपनीचा नियम ब्रह्मपुरीच्या हद्दीपुरता. पुढच्या खेड्यांतल्या लोकांनी ऑफिसात येऊन आपलं पार्सल न्यावं. हा मात्र नऊ वर्षं आपल्या एम-एटी दुचाकीवर ते घरपोच आणून देत होता, आणि सोबत कुणाचा दुरुस्त केलेला चष्मा, कुणाचे रेडिओचे सेल, कुणाची पिको केलेली साडी. लष्कराच्या भाकऱ्या भाजतो म्हणून ऑफिसातले त्याला हसत. खेडी त्याला पार्सलभाऊ म्हणत. ते त्याला आवडायचं.

आता तांदळाचे व्यापारी असलेल्या भैयाजींना दहा चाकी ट्रकवर ड्रायव्हर हवा होता. इथला तांदूळ केरळात न्यायचा, एका फेरीला वीस दिवस, पगार दुप्पट. हेवी लायसन्स खुर्शीदनं कधीचं काढून ठेवलं होतं. बायको, नाहीद, म्हणाली होती की तुम्हीच ठरवा, पण धाकटी मग तुम्हाला परका समजून रडायला लागेल. भैयाजींना आज पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि घोडं अडलं होतं ते या खेड्यांपाशी. इतकी घरं आपली असताना माणसानं परमुलखात ढाब्याच्या खाटेवर का झोपावं? आज एकानं जरी ‘जाऊ नका’ म्हटलं, तर ट्रक सोडून द्यायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

सकाळपासून पाच घरं झाली. एकानं केरळातून मसाले आणायला सांगितले, एकानं नारळ. बाकीच्यांनी पेढे मागितले. खुर्शीदला वाईट वाटलं, पण त्याची खरी भिस्त या सहाव्या घरावर होती. मागं बाईंचे यजमान रामाजी घेरी येऊन पडले, तेव्हा त्यानंच त्यांना दुपट्ट्यानं आपल्या पाठीशी बांधून एम-एटीवर दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून पोळ्याच्या करंज्या त्याच्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्या जात.

रेग्युलेटर बसवून त्यानं सांगून टाकलं.

रामाजी दाराशी खुर्चीवर बसले होते. पुण्याहून मुलानं पाठवलेल्या गोळ्यांचं पार्सल त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी ट्रक नवा की जुना, क्लीनर कोण, सगळं विचारून घेतलं आणि मान डोलावली. माणसानं पुढं जावं, म्हणाले.

गुणाबाई चहाचं आधण ठेवता ठेवता गप्प झाल्या. त्या गप्प झालेल्या पाहून खुर्शीदला बरं वाटलं.

“मंग ह्यायच्या गोळ्या कोण आणून देईन?”

दुसरा माणूस येईल, मी त्याला घर दाखवून देतो, असं तो म्हणाला. हे धादांत खोटं होतं. हद्दीबाहेर पाय टाकणारा ऑफिसात दुसरा कुणी नव्हता. पण म्हाताऱ्या माणसांना उगाच घोर कशाला?

बाईंचा चेहरा लगेच मोकळा झाला. साखर टाकत त्यांनी विचारलं, “नाव काय त्या नव्या माणसाचं? नावगाव मालूम असलं म्हणजे बरं असते. असं कोणालेबी घरात कसं घ्याव?”

खुर्शीद त्यांच्याकडे पाहतच राहिला. नऊ वर्षांत या घरात त्याला कुणी नाव विचारलं नव्हतं. त्यांना ते माहीत असणारच, असं तो धरून चालला होता. रमजानात तो चहाला नाही म्हणे, तेव्हा बाई त्याला पित्तावरचं चूर्ण बांधून देत. त्यालाही तो थट्टाच समजत आला होता. त्याला राग आला. आणि वाटलं, सांगून तर पाहावं. बाई हसतील, म्हणतील, हे तर तुमचंच नाव हो भाऊ.

“खुर्शीद,” तो म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रामाजींकडे पाहिलं.

“मुसलमान हाये काय?” रामाजींनी विचारलं.

“हो.”

“असू दे. माणूस चांगला असन.”

गुणाबाईंनी चहा गाळून कप त्याच्यापुढं ठेवला, बशीत दोन बिस्किटं ठेवली. मग आवाज खाली आणून, घरच्या माणसाशी बोलावं तशा त्या बोलल्या, “त्याले सांगजा भाऊ, फाटकातूनच आवाज देत जाय म्हणाव. तुमची गोष्ट अलग हाये, तुमी घरचे. पण त्याले आत नका आणू.”

खुर्शीदला सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मग ही दोन म्हातारी माणसं आपल्याच स्वयंपाकघरात कुठं पाहावं ते न कळून बसली असती. ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना, आणि आपल्याला अजूनही यांचीच दया येते याचा त्याला सगळ्यात जास्त संताप आला.

कप तसाच ठेवून तो उठला. रिकामं सिलिंडर त्यानं उचलून नेहमीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं, हात धुतले, आणि चपला पायात घालत म्हणाला,

“त्याची फिकीर नका करू, बाई. तो नाई येणार. तोबी ट्रकवरच चालला.”